वर्ध्याची पांढरी ज्वारी

वर्ध्याला लोक कशाला जातात ते मला माहीत आहे. आश्रम बघतात, चरख्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि शांत चेहऱ्यानं परत येतात. मी भांडायला गेलो होतो. तेव्हा ज्यांना आश्रमाची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं.

संगमनेरला माझा कोंबडीखाद्याचा कारखाना आहे. सायकलच्या कॅरिअरला अंड्यांचे ट्रे बांधून गावोगाव हिंडलो, त्यातून तो उभा राहिला. कुणी हात दिला नाही, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मक्याचा भाव चढला म्हणून मी वर्ध्याच्या एका आडत्याकडून ज्वारी मागवली. नमुना पांढरा होता, आलेला मालही पांढरा होता. ज्यांनी माझं खाद्य नेलं त्यांच्या कोंबड्या आधी मलूल झाल्या, तुरे फिके पडले, अंड्यांची टरफलं कागदासारखी झाली. ज्यांचा उबवणीचा धंदा होता त्यांची अंडी फुटलीच नाहीत. आम्ही ती फोडून पाहिली. आत पिलं तयार होऊन मेली होती.

जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, ज्वारीत बुरशीचं विष आहे. डोळ्यांना दिसत नाही, भाजून जात नाही, उकडून जात नाही. माझी जुनी गिऱ्हाइकं तुटली. मी आडत्याला फोन केला तर तो म्हणाला, "माल सफेद होता का नाई, तेवढं बोला."

त्या एका वाक्यासाठी मी दिवाळी आटोपल्याबरोबर गाडीत बसलो.

वर्धा

पुलगावला जवानांची एक टोळी हिरव्या ट्रंका घेऊन उतरली आणि डबा रिकामा झाला. खिडकीतून आभाळ दिसत होतं. आमच्याकडे दिवाळीनंतरचं आभाळ धुतल्यासारखं असतं. इथलं पोतेऱ्यासारखं होतं. वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजून पिवळट पडला होता.

स्टेशनाबाहेर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. आमच्याकडे पोह्यांवर कुणी रस्सा ओतला तर त्याला घरातून काढतील, पण पदार्थ चांगला आहे. डोळ्यांत पाणी आलं आणि भांडणाला तोंड तापलं.

आडत्याचं नाव मदनभाऊ. घरात तीन पिढ्यांचा व्यापार, अंगात मलमलचा सदरा, खांद्यावर पांढरा दुपट्टा. मी दुकानाच्या पायरीवरूनच सुरुवात केली.

"या जी. गाडी लेट होती का?"

"मी बसायला आलो नाही."

"बसल्याबिगर भांडता येत नाई आमच्याकडं. चाय सांगतो."

या मुलखात प्रत्येक वाक्यामागे 'जी' लावतात. शिवी दिली तरी मागे 'जी' येईल असं वाटतं. अशा माणसाशी भांडणं म्हणजे गादीवर बुक्क्या मारणं.

"पांढरा माल कसा केलात ते सांगा," मी म्हणालो.

त्यानं लपवलं नाही. मागच्या गोदामात नेऊन यंत्र दाखवलं. एक पिंप, आत घासणारा दगड. एका बाजूनं पावसानं काळी पडलेली ज्वारी ओतायची, दुसरीकडून पांढरी निघते, खाली काळा भुसा पडतो.

"वरची साल तेवढी निघते. आतमधी दाना एकदम सफेद. सारा बाजार असंच करून राह्यला, म्या काय येकट्यानं केलं?"

"काळी होती हे मला का सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं का?"

"ज्वारीत विष आहे का असं विचारून कुणी ज्वारी घेतं का हो?" माझा आवाज रस्त्यावर गेला. समोरच्या दुकानातला माणूस वजन करायचा थांबला.

मदनभाऊ मात्र चहा बशीत ओतत होता. "ईष म्हनता? ज्याच्या वावरातली हाय, त्याच्या घरी सालभर तेच खाऊन राह्यले. वामनराव. आंजीच्या पुढचा मोठा कास्तकार. चाला, तुमच्या डोयानं पाहा."

मला तेच हवं होतं. माल शेतातून काळाच आला होता हे मदनभाऊ गोदामात माझ्यापुरतं बोलला होता; तेच शेतकऱ्यानं चार माणसांत सांगितलं असतं तर मदनभाऊची बोलती बंद झाली असती.

आंजीच्या पुढे

मदनभाऊचा मेटॅडोर शेषराव चालवत होता. पन्नाशीचा, बारीक, आरशाला गिरडच्या दर्ग्यावरून आणलेला हिरवा धागा बांधलेला. आंजी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना ज्वारी सुरू झाली.

मी धान्यातला माणूस आहे. आमच्याकडची ज्वारी थंडीत पिकते, कोरड्या हवेत, आणि कणीस मोत्यांनी भरल्यासारखं दिसतं. इथं पुरुषभर उंचीची ताटं उभी होती आणि त्यांच्या टोकांना जळक्या मशाली खोचल्यासारखी कणसं होती. काही काळी, काही राखाडी लव आलेली, काहींवर घाणेरडा गुलाबी रंग. मी गाडी थांबवायला लावली. एक कणीस मुठीत दाबलं तर हाताला काजळी लागली. काही दाण्यांना ताटावरच मोड आले होते. वास बंद खोलीतल्या ओल्या गोणपाटाचा.

"परतीचा पानी लागला न, तवापासून असीच हाय," शेषराव म्हणाला. "मागच्या साली बी असीच होती."

"कापत का नाहीत?"

"कापून ठेवाची कुठं? खाली चिखल, वरतं पानी."

कुठेही माणसाचा आवाज नव्हता. पिकाच्या दिवसांत राखणदाराच्या आरोळ्या असतात, गोफणीचे फटके असतात. इथं पाखरंसुद्धा त्या कणसांवर बसत नव्हती.

वामनराव गावाच्या कडेला राहत होते. कौलारू ऐसपैस घर, ट्रॅक्टर, दावणीला चांगली बैलजोडी. रडगाणं गाणारा माणूस नव्हता तो. पायांवर पाणी घ्यायला तांब्या आला, मग सुपारीचं तबक आलं. मी विषय काढणार तेवढ्यात ते म्हणाले, "पयले जेवन. मंग गोठी."

ज्वारीबद्दल मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं. "जुनी जवारी थंडीत पिके. कनीस खाली मान घालून राहे, पानी निथळून जाये. हे हायब्रीड पानी असतानाच पिकते, वरतं तोंड करून. सारा पानी पेते."

"मग तीच का पेरता?"

"पिकते किती, ते पाहा न जी!" आणि ते एकटेच हसले.

ताटात गव्हाच्या पोळ्या आल्या, वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी, तेलात बुडालेला ठेचा. आतल्या चुलीजवळ मात्र भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पाहुण्याला गहू आणि घरच्यांना ज्वारी, ही इथली रीत. आमच्याकडेही थोडीफार आहे. मी म्हणालो, "मला भाकरी द्या."

आतला आवाज थांबला. वामनरावांची आई सोनाबाई दारात आली. वाळलेली, ताठ, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली. "पाव्हण्याले भाकर? काऊन बापू, पोळी कच्ची राह्यली का?"

"पोळी उत्तम आहे, आजी. मला तुमच्या शेतातली भाकरी खायची आहे."

तिला ते आवडलं. तिनं स्वतः आणून वाढली. दिसायला पांढरी. मी तुकडा मोडून नाकाशी धरला, मग जिभेवर ठेवला. आधी नुसती चव, मग मागून कडवटपणा आला आणि घशाला चिकटून राहिला. माझ्या कारखान्यातल्या त्या पोत्यांचाच वास.

"कोणत्या सालची?"

"मागच्या. काळी झालती, पन आमी घरीच केली साफ," वामनरावांची बायको कुसुमताई आतून म्हणाल्या. "गोनपाटावर घासली, तीन पान्यातून धुतली, वाळवली, मंग कनगीत भरली. पाहा न, किती पांढरी निघाली."

"ऊन होतं का तेव्हा?"

"ऊन कुठलं जी? आभायच होतं. पंख्याखाली पसरवली, मंग भरली."

मी मदनभाऊकडे पाहिलं. तो पोळी खात होता. या लोकांनी सडलेल्या दाण्याला पाणी पाजून, अर्धा ओला, शेणानं लिंपलेल्या कणगीत कोंबला होता. घराला चूड लावायची तर अशीच लावतात. आणि केलं होतं ते स्वच्छतेसाठी, सगळ्या बायकांनी पाठ मोडेपर्यंत.

मग एकेक गोष्ट निघत गेली. कुणी तक्रार म्हणून सांगत नव्हतं, जेवताना बोलतात तसं. उन्हाळाभर घरात सगळ्यांची पोटं बिघडलेली. विहिरीचं पाणी बाधलं म्हणून विहिरीत औषध टाकलं, तरी थांबेना, म्हणून विहीर सोडली आणि धाम नदीवरून बैलगाडीनं पाणी आणलं. कणगीवर कुणाचा संशय नव्हता. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत होतो. तुरे फिके, पंख विस्कटलेले.

"अंडी देतात का?" मी विचारलं.

"कायची अंडी जी," कुसुमताई म्हणाल्या. "खुडूक बसवलती दोनदा. येकबी पिल्लू नाई निघालं. सारी अंडी सडकी."

मी हातातला भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला.

त्याच वेळी आतल्या खोलीतून एक मुलगी भिंत धरत बाहेर आली. वामनरावांची दुर्गा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पोट पुढे, चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा. तिनं चुलीजवळ बसून दोन घास खाल्ले, उठली आणि मोरीत ओकली.

"पहिल्या खेपीले असंच राह्यते," सोनाबाई मला म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "दोन जीवाची हायेस, खा. नखरे नको करू."

दुर्गानं भाकरी उचलली.

सौदा

मी वामनरावांना गोठ्यात नेलं आणि सांगितलं. माझ्या गिऱ्हाइकांच्या कोंबड्यांचं सगळं सांगितलं, अंडी फोडल्यावर काय दिसलं तेही. ते ऐकत होते आणि बैलाच्या मानेवरून हात फिरवत होते.

"कोंबडीची गोठ मानसाले लावता का?"

"विष ते विष."

"मंग आमी मेलो काऊन नाई?"

मी म्हणालो, "ती कणगी रिकामी करा. उकिरड्यावर टाका, खत होईल."

सोनाबाई मागेच उभी होती. "उकिरड्यावर? जवारी उकिरड्यावर? मी जित्ती असताना? उघडलेली कनगी तळाले लागल्याबिगर नवी भरत नाई आमी. दाना कुनाच्या तरी तोंडात गेला पायजे."

"आजी, निदान पोरीला ती भाकरी देऊ नका."

"काऊन?"

"पोटाला बरी नाही."

"तुमी डाक्टर हा का?"

"नाही."

"मंग?"

दुर्गा दाराशी येऊन ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पोटावर हात ठेवून. त्या अंड्यांत जे पाहिलं ते तिच्या तोंडावर कसं सांगायचं? वामनराव खाली मान घालून म्हणाले, "माय म्हनते तसं." मोठा कास्तकार, ट्रॅक्टरचा धनी, पण आईपुढे जीभ वळेना.

मग मला जे येतं ते मी केलं. मी संतापलो. खरा संताप होताच, त्याला वाट करून दिली. अंगणात उभा राहून ओरडलो की माझा माल आणि ही कणगी एकाच खळ्यावरची आहे, माझं नुकसान झालंय, आणि भरपाई म्हणून ही ज्वारी मी नेणार, आणि दाणा तोंडातच जायला हवा तर कोंबड्यांच्या तोंडात घालणार. शेजारचे लोक कुंपणाशी गोळा झाले.

मदनभाऊला मी ओट्यावर बसवलं. त्याचा दुपट्टा आमच्या दोघांच्या हातांवर पसरला. भाव तोंडानं बोलायचा नसेल तेव्हा बोटांनी बोलायचा, हे आमच्याकडे आणि त्यांच्याकडे सारखंच. मी हळू म्हणालो, "तुमच्यावरचा माझा दावा सोडतो. बदल्यात गोदामातली चांगली, थंडीतली ज्वारी या घरात टाका. जेवढी नेतो तेवढी."

दुपट्ट्याखाली त्याची बोटं थांबली. "खराब मालाच्या बदली चांगला माल, थो बी त्याईले? अन् तुमाले काय?"

"ते माझं मी बघतो."

"पागल झाले का जी?"

"हो की नाही?"

माझ्यासारखा माणूस तोट्याचा सौदा करतो म्हणजे यात काहीतरी डाव आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं थोडी माझ्याकडची, थोडी वामनरावांकडची बाजू तोलली, निम्म्यावर आणायचा प्रयत्न केला. मी त्याचं बोट एवढं दाबलं की तो कळवळला. मग त्यानं होकार दिला.

मला वाटलं होतं, घरच्यांना बरं वाटेल. वामनरावांचं तोंड काळं पडलं. शेतकऱ्याच्या घरी विकतचं धान्य येणं म्हणजे काय ते मी विसरलो होतो. "कास्तकाराच्या घरी इकतची जवारी," ते म्हणाले. "गावात तोंड कसं दाखवाचं?" सोनाबाई मात्र कोंबड्यांच्या गोष्टीवर अडली नाही. कोंबडी झाली तरी तोंडच, असा तिचा हिशेब होता. फक्त मला म्हणाली, "दोन जीवाच्या पोट्टीच्या तोंडचं नेऊन राह्यला बापू तू. ध्यानात ठेवजो."

मी ते खोडलं नाही. खोडलं असतं तर कणगी तिथेच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदनभाऊची पोती घेऊन मी आणि शेषराव परत आलो. मी आधी चांगली पोती उतरवून घेतली, प्रत्येकात हात घालून दाणा चावून पाहिला, मगच कणगीला हात लावला. वरचा थर पांढरा होता. खाली जाऊ तसे दाणे गठ्ठ्यांनी निघू लागले, आतून कोमट. कुसुमताईंनी ते पाहिलं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि सासूकडे पाहिलं. सोनाबाई वाकून तळाचे दाणे खरवडून काढत होती, एकही मागे राहू नये म्हणून. निघताना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. या भागात ही मोठीच गोष्ट आहे.

दुर्गाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. कळवा म्हणायला मी त्यांचा कोण होतो? तिच्या पोटात आधीच किती गेलं होतं, याचा विचार मी केला नाही असं नाही.

खदान

तो माल मी संगमनेरला नेणार नव्हतो. शेषराव म्हणाला, नदीत टाकू. पण नदीचं पाणी खालची गावं पितात. रस्त्याला लागून मुरमाची जुनी खदान होती, कोरडी. तिथे गाडी मागे घेऊन आम्ही पोती फाडली आणि ओतली. वर माती ओढायची ठरवली, तर गाडीत फावडं नव्हतं. शेषराव आणायला गेला. मी ढिगाजवळ बिडी ओढत बसलो. आभाळ तसंच होतं. सगळा व्यवहार आतबट्ट्याचा झाला होता, मदनभाऊ मजेत होता, आणि एका घरात माझं नाव चोरासारखं घेतलं जाणार होतं. तरी मनात म्हटलं, एवढं तरी मिटलं.

पलीकडे वीटभट्टी होती. तिथल्या दोन बाया कडेवर उभ्या राहून पाहत होत्या. मग चार झाल्या. मग त्या टोपल्या घेऊन खाली उतरल्या.

"ए, हात लावू नका!" मी उठून ओरडलो. "खराब आहे ती! विष आहे!"

पुढची बाई खाली बसली. तिनं मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, उजेडात धरले. कणगीतला वरचा, पांढरा थर गाडीत तळाशी होता, तो ओतताना शेवटी आला होता, ढिगाच्या माथ्यावर.

"पांढरी फेक हाय," ती मागच्या बायांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "फेकून देऊन राह्यले न? मंग आमाले काऊन हटकता?"

"अगं बाई, कोंबड्या मेल्यात ह्यानं!"

"आमी का कोंबड्या हाओत?" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. टोपल्या भरू लागल्या. मी एकीच्या हातातली टोपली हिसकली, ती उपडी केली. तिनं शांतपणे पुन्हा भरली. एकीला थांबवलं की दुसरी वाकायची. मी शिव्या दिल्या, हात जोडले, ढिगावर उभा राहिलो. पायाखालून दाणे घसरत होते आणि त्या माझ्या चपलांभोवतीचे वेचत होत्या. त्यांच्या लेखी मी धान्याची नासाडी करणारा, वर कुणाला नेऊही न देणारा कोणी माजलेला माणूस होतो.

शेषराव फावडं घेऊन आला तेव्हा ढीग अर्धा उरला होता. तो कडेवरच थांबला. पहिली बाई भरली टोपली डोक्यावर घेऊन वर चढत होती. मेटॅडोरजवळ पोचल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, मागच्या फळीवरून आत डोकावली आणि त्याला विचारलं, "आनखी हाय का जी गाडीत?"